‘सगळा पैशाचा खेळ’ म्हणणाऱ्यांसाठी

तुळजापूरच्या बसस्थानकाबाहेर चहाला थांबलं की दोन वाक्यं हटकून कानावर पडतात. पहिलं, “पैसा असंल तर सगळं हाय.” दुसरं, “कुणावर भरवसा ठेवायचे दिवस राहिले नाहीत.” बोलणारे बदलतात, वाक्यं तीच राहतात, आणि बहुतेक वेळा ती एकाच माणसाच्या तोंडून पाठोपाठ येतात. माणूस वैतागलेला असतो. त्याचा वैताग खोटा नसतो. पण त्यातला किती वाटा परिस्थितीचा आणि किती या दोन वाक्यांनी स्वतः घातलेला, हे थोडं तपासता येतं.

आधी पैशाचं बोलू. ‘पैशानं सुख मिळत नाही’ हे वाक्य मला फारसं पटत नाही. बहुधा ते पोट भरलेल्या माणसाचं असतं. आपला धाराशिव जिल्हा 2018 साली नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला, म्हणजे विकासात मागं राहिलेल्यांत त्याची गणना झाली. सोयाबीन पाण्यात गेलेल्या, सोसायटीचा हप्ता थकलेल्या माणसाला पैसाच लागतो, प्रवचन नाही. हाती नसलेला पैसा आला की जीवाला स्वास्थ्य मिळतं, हे संशोधकही मान्य करतात. तेव्हा पैसा हवा असण्यात दोष नाही. त्या पैशाला आपण मनात कोणतं काम नेमून दिलंय, तिथं गडबड होते.

अमेरिकेतल्या मार्शा रिचिन्स आणि स्कॉट डॉसन यांनी 1992 मध्ये माणसाचा वस्तूंकडचा ओढा मोजायची एक प्रश्नावली तयार केली. त्यात त्यांनी तीन गोष्टी वेगळ्या काढल्या: वस्तू आयुष्याच्या मध्यभागी असणं, वस्तू मिळाली की सुख मिळेल असं वाटणं, आणि वस्तूंवरून माणसाचं यश मोजणं. पुढं 2014 मध्ये हेल्गा डिटमार आणि सहकाऱ्यांनी 259 नमुन्यांमधले निष्कर्ष एकत्र करून पाहिले. पैसा-वस्तूंना फार वरचं स्थान देणारी माणसं सरासरीनं कमी समाधानी निघाली. संबंध प्रचंड मोठा नव्हता, पण पुन्हा पुन्हा तोच सापडला. सर्वांत ठळक दिसला तो दोन ठिकाणी: हाताबाहेर जाणारी खरेदी आणि स्वतःबद्दलचं वाईट मत.

मला यातला सर्वांत उपयोगी तुकडा नेदरलँड्समधल्या रिक पीटर्स यांचा वाटतो. त्यांनी अडीच हजारांहून अधिक लोकांचा सहा वर्षं मागोवा घेतला आणि 2013 मध्ये निष्कर्ष मांडले. वस्तूंना यशाची मोजपट्टी करणाऱ्यांचा आणि सुखाचं औषध समजणाऱ्यांचा एकटेपणा काळाबरोबर वाढला, आणि एकटं पडलेली माणसं पुन्हा मोजपट्टीकडेच वळली. पण ज्यांना वस्तूंचा निखळ आनंद होता, त्यांना तो आनंद बाधला नाही, उलट त्यांचा एकटेपणा थोडा कमीच झाला. म्हणजे नवी बुलेट मनापासून आवडली, रविवारी पुसून-पासून नळदुर्गाकडं एक फेरी मारली, तर बिघडलं काहीच नाही. भाऊबंदानं घेतली म्हणून आपण हप्त्यावर घेतली, तर ती दारात उभी राहूनही दुखत राहते.

म्हणून मोठ्या खरेदीआधी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: ही वस्तू घेतल्याचं गावात कुणालाही कळणार नसेल, स्टेटसला टाकता येणार नसेल, तरी मी घेईन का? उत्तर ‘घेईन’ असेल तर खुशाल घ्या. मन अडखळलं तर आठ दिवस थांबा. बऱ्याच वस्तू तेवढ्यात आपोआप गळून पडतात.

वस्तूंपेक्षा आपल्याकडे कार्यं जास्त बुडवतात. लग्न, जावळ, गोंधळ, कंदुरी. देवीचं नाव घेऊन केलेल्या खर्चाला घरात कुणी प्रश्न विचारत नाही, आणि पाहुण्यांत कमीपणा यायला नको म्हणून पानांची संख्या वाढत जाते. नवस बोकडाचा असतो, उधारी मंडपवाल्याची होते. यावर उपाय धार्मिक नाही, व्यवहारी आहे. पत्रिका छापण्याआधी, मंडपवाल्याशी बोलण्याआधी आकडा ठरवा. तो घरातल्या बायकांसमोर बोला, कारण पुढं दागिना गहाण पडणार तो त्यांचा. ठरला की एका कागदावर लिहा आणि ज्या चुलत्याला किंवा मामाला ‘आणखी थोडं करू’ म्हणायची सवय आहे, त्याला तो कागद सर्वांत आधी दाखवा.

रस्ता किंवा सोलापूर–तुळजापूर–धाराशिव रेल्वेसाठी ज्यांची जमीन गेली आणि मोबदला खात्यावर आला, त्यांना हीच गोष्ट दुपटीनं लागू आहे. जमीन एकदाच जाते. तिचा पैसा मात्र पहिल्या वर्षातच गाडी, स्लॅब आणि पाहुण्यांच्या उसनवारीत विरघळू शकतो. खात्यात रक्कम आली की पहिले सहा महिने ती मुदत ठेवीत टाकावी आणि मागायला येणाऱ्या प्रत्येकाला ‘ठेवीत अडकलेत’ असं बिनदिक्कत सांगावं. ते खरंही असतं.

आता दुसऱ्या वाक्याकडे येऊ. सगळे चोर, ज्याला त्याला आपलंच पडलंय. ही वृत्ती अंगाला चिकटते कशी, याचं एक चांगलं स्पष्टीकरण डेटलेफ फेचेनहाउअर आणि डेव्हिड डनिंग यांनी 2010 मध्ये दिलं. त्यांच्या प्रयोगात लोकांना अनोळखी माणसांचे छोटे व्हिडिओ दाखवून विचारलं, याच्या हाती पैसे दिले तर तो परत करेल का? लोकांचे अंदाज प्रत्यक्षापेक्षा खूप वाईट निघाले. माणसं त्यांना वाटलं त्याहून बरीच प्रामाणिक होती. कारण साधं आहे. भरवसा टाकला आणि फसलो, तर ते कळतं आणि वर्षानुवर्षं सलतं. भरवसा टाकलाच नाही, तर समोरचा प्रामाणिक होता हे कधीच कळत नाही. म्हणजे आपल्या हिशेबाच्या वहीत फक्त नुकसानीची पानं भरत जातात. प्रत्येक माणसाचं खरं वागणं दाखवल्यावर मात्र त्याच लोकांचे अंदाज सुधारले.

तुळजाभवानी मंदिराच्या महाद्वार रस्त्यावर याचा प्रयोग रोज चालतो, फक्त त्याकडे कुणी तसं पाहत नाही. ओटीचं सामान विकणाऱ्या दुकानापुढं चपलांचे ढीग असतात. आंध्र, कर्नाटकातून आलेलं कुटुंब चपला काढतं, पिशव्या फळीखाली सरकवतं, नारळ-खण-हळदकुंकवाचं ताट घेतं आणि पायऱ्या उतरून गर्दीत दिसेनासं होतं. पावती नाही, नाव विचारलेलं नाही. दर्शनाला दोन तास लागोत की पाच, परत येतात तेव्हा पिशवी जागेवर असते. मग तेच लोक चहा पिता पिता म्हणतात, “तीर्थक्षेत्रात सगळे लुटायला बसलेत.” नारळाला पाच रुपये जास्त पडल्याचं गावी जाईपर्यंत सांगितलं जातं. पिशवीचं कुणी सांगत नाही.

2019 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला एक अभ्यास याच अंगानं जातो. 40 देशांतल्या 355 शहरांत 17 हजारांहून जास्त ‘हरवलेली’ पाकिटं बँका, पोस्ट, हॉटेलं, पोलीस ठाणी अशा ठिकाणी देऊन पाहिलं गेलं. भारतातली शहरंही त्यात होती. जवळजवळ सगळ्याच देशांत रिकाम्या पाकिटापेक्षा पैसे असलेलं पाकीट मालकाला कळवण्याचं प्रमाण जास्त निघालं. आधी अंदाज विचारला तेव्हा बहुतेकांनी उलट सांगितलं होतं, अर्थतज्ज्ञांचा अंदाजही फारसा बरोबर आला नाही.

इथं वाचक अडवणार, आणि त्यानं अडवावंच. फसवणूक काय कल्पनेतली आहे? मंदिराच्या दानपेट्यांच्या लिलावातल्या गैरव्यवहाराचं प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. 2025 च्या सुरुवातीला तुळजापुरातलं अमली पदार्थांचं प्रकरण राज्यभर गाजलं. ज्या गावात हे घडतं, तिथल्या माणसानं डोळे मिटून भरवसा ठेवावा असं कोण म्हणेल? ओल्गा स्ताव्रोवा आणि डॅनियल एलेब्राख्ट यांच्या 2016 मधल्या अभ्यासातही ही मेख आहे. सगळ्यांना स्वार्थी समजणाऱ्यांचं उत्पन्न पुढच्या वर्षांत इतरांच्या मानानं मागं राहिलं, कारण ते सहकार्याच्या संधी सोडत गेले. पण जिथं खून-मारामाऱ्या खरोखर जास्त आणि एकमेकांना मदत खरोखर कमी, तिथं हा तोटा दिसला नाही. परिस्थितीच तशी असेल तर अविश्वासाची किंमत कमी पडते, असा त्याचा अर्थ.

पण संशय घेणारा आणि ‘सगळे चोर’ म्हणणारा हे दोन वेगळे गडी आहेत. पहिला कागद मागतो. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत करतो, ग्रामसभेत उठून हिशेब विचारतो, आणि हिशेब बरोबर निघाला तर मान्यही करतो. दुसरा काहीच मागत नाही, कारण त्याचा निकाल आधीच लागलेला असतो. दानपेट्यांचं प्रकरण न्यायालयात उभं राहिलं ते कुणीतरी तक्रार करून पाठपुरावा सोडला नाही म्हणून. टपरीवर मान हलवून ते झालं नसतं. तरी पारावर शहाणा म्हणून मान मिळतो तो दुसऱ्याला. स्ताव्रोवा आणि एलेब्राख्ट यांनीच 2019 मध्ये 30 देशांतल्या जवळपास दोन लाख लोकांची माहिती पाहिली: लोकांना वाटतं की कुणावर विश्वास न ठेवणारा हुशार असतो; बुद्धीच्या आणि कामाच्या चाचण्यांत मात्र अशी माणसं सरासरीनं मागं होती.

मग करायचं काय? भरवशाची छोटी उधारी द्यायची, मोठी नाही. महिनाभर एक छोटी वही ठेवा. कुणाला काही काम सांगितलं, कुणाकडं वस्तू दिली, कुणाला शे-दोनशे उसने दिले, की आधी अंदाज लिहा: करेल का, देईल का? नंतर काय झालं ते समोर लिहा. झालेलं आणि न झालेलं, दोन्ही. एरवी मन फक्त न झालेलं जपून ठेवतं, म्हणून ही लिहायची भानगड. महिन्यानं आकडे वाईट निघाले तर तुमचा संशय रास्त आहे आणि कुणाबद्दल रास्त आहे तेही नावानिशी कळेल. मोठ्या व्यवहारात मात्र नातं कितीही जवळचं असो, कागद करावा. बचतगट टिकतात ते तिथल्या बायका एकमेकींवर आंधळा विश्वास टाकतात म्हणून नव्हे. दर बैठकीला सगळ्यांसमोर पैसे मोजले जातात आणि नोंदवहीत सही होते, म्हणून टिकतात.

आपल्याच तालुक्यात, अणदूरला, डॉ. शशिकांत अहंकारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं गावोगावच्या बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केलं. फार न शिकलेल्या, कित्येक परिस्थितीनं गांजलेल्या बायका. त्यांच्या हाती औषधं, वजनकाटा आणि बाळंतिणीची काळजी द्यायची म्हटल्यावर ‘हिला काय जमणार’ म्हणणारे कमी नव्हते. गावच्या आरोग्याचं काम त्याच बायकांनी उभं केलं. हा भरवसा आंधळा नव्हता. आधी प्रशिक्षण, मग काम, मग तपासणी असा त्याचा क्रम होता. घरात, दुकानात, शेतात कुणावर जबाबदारी टाकताना तोच क्रम चालतो. पोराच्या हाती एकदम ट्रॅक्टर नको, पण आडतीवरची पट्टी तपासून आणायचं काम द्या, आणि आणल्यावर आपणही एकदा पाहा.

जोगव्याबद्दल मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण वर सांगितलेल्या दोन्ही दुखण्यांवरचा उतारा इथल्या पायऱ्यांवरच आहे आणि आपण त्याला फक्त रिवाज समजतो. मंगळवार, शुक्रवार किंवा पौर्णिमेला मंदिराकडं जाताना पाहा. गळ्यात कवड्यांची माळ, कपाळभर मळवट, हातात पसरट परडी. ‘आई राजा उदो उदो’ म्हणत बाई समोरच्यापुढं परडी धरते आणि चिमूटभर पीठ-मीठ मागते. पाच घरी मागायचं असा रिवाज. यात मोलमजुरी करणारी बाई असते, तशी चारचाकीतून उतरलेली, हातात पाटल्या असलेलीही असते. तिला पिठाची गरज नसते. पण देवीच्या दारात तिलाही मागावं लागतं, आणि जिच्याकडं ती मागते ती कदाचित तिच्या घरी भांडी घासणाऱ्या बाईच्या घरची असते. मोठेपणा, शिल्लक, सासर-माहेर काही त्या परडीत मोजलं जात नाही. आणि अनोळखी माणूस नाही म्हणत नाही, हे तिला पाच वेळा अनुभवायला मिळतं. पैठणच्या एकनाथांनी जोगव्यावर भारूड रचलं ते उगीच नाही. (ज्यांना पोटासाठी परडी धरावी लागते किंवा कुणी धरायला लावतं, त्यांचा प्रश्न वेगळा आहे, त्याचं कौतुक करायचं कारण नाही.)

ही मागण्याची ताकद बाप्यांनी कमावलेली नाही. मराठवाड्यातल्या कित्येक घरांत कर्जाचा खरा आकडा बायकोला सर्वांत शेवटी कळतो. बँक वेगळी, सोसायटी वेगळी, कृषी सेवा केंद्राची उधारी वेगळी, सोनं तारण वेगळं, सावकार तर कुणालाच माहीत नाही. पैसा हीच पत मानली की कर्ज म्हणजे अब्रू गेली असं वाटतं, आणि कुणावरच भरवसा नसला की सांगायचं कुणाला? दोन्ही वाक्यं इथं एकत्र येऊन माणसाचा गळा धरतात. म्हणून हा लेख वाचून एकच काम करायचं असेल तर हे करा. एका कागदावर सगळी देणी लिहा: कुणाचं, किती, व्याज किती, तारीख कोणती. तो कागद घरात कारभारणीला दाखवा आणि एका विश्वासू माणसाला दाखवा. मेव्हणा चालेल, शाळेतला जुना दोस्त चालेल. सावकाराकडं परवाना नसेल तर 2014 च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याखाली सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयात तक्रार करता येते. ‘तिथं कोण ऐकतंय’ असं मनात येईल. ते मनात ठेवून अर्ज करा, आणि पोच घ्या.

लेकरांविषयी थोडंच. टिम कॅसर आणि सहकाऱ्यांच्या 1995 च्या अभ्यासात, ज्या किशोरांना घरी माया कमी मिळाली होती आणि ज्यांची परिस्थिती असुरक्षित होती, ती मुलं आर्थिक यशाला इतर गोष्टींपेक्षा जास्त महत्त्व देताना दिसली. पैशामागं धावणं पुष्कळदा भीतीतून येतं, हावरेपणातून नाही. लातूरला शिकवणीला ठेवलेल्या पोराला दर रविवारी फोनवर ‘तुझ्यावर इतके लाख घातलेत’ हे ऐकवणं बंद करा. फीचा आकडा त्याला पाठ आहे. जेवलास का, झोप लागते का, वर्गात दोस्त कोण, हे विचारा. आणि त्याच्यासमोर शिक्षक, डॉक्टर, तलाठी, पुजारी सगळ्यांना एकाच माळेत ओवून चोर ठरवू नका. उद्या अडचण आली तर तो जाणार कुणाकडं?

खर्च करायचाच असेल तर थोडा दुसऱ्यावर करून पाहा. एलिझाबेथ डन आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये लोकांच्या हाती थोडे पैसे देऊन, काहींना स्वतःवर आणि काहींना इतरांवर खर्च करायला सांगितलं. संध्याकाळी जास्त खूश होते ते दुसरे. रक्कम पाच डॉलर होती की वीस, यानं फरक पडला नाही. कोजागिरीला सोलापूरच्या रस्त्यानं चालत येणाऱ्यांना पाणी, केळी, पायाला तेल देणाऱ्या मंडळांतल्या पोरांचे चेहरे पाहिले की हे वेगळं सांगावं लागत नाही. वर्षातून एक रात्र तिथं उभं राहायला पैसे लागत नाहीत.

शेवटी एक फरक ओळखायला शिका. सगळ्यांना नावं ठेवणारा माणूस जोवर चहा पितो, भांडतो, जेवतो, तोवर ती वृत्ती आहे, आणि ती हळूहळू बदलते. पण ‘कशातच काही राम नाही’ असं म्हणत कुणी दोन आठवड्यांहून जास्त काळ गप्प राहू लागला, झोप उडाली, जेवण तुटलं, आवडीच्या कामातूनही मन उठलं, जनावराकडं पाहवेना, ‘माझ्यामागं तुमचं बरं होईल’ असं काही बोलला, तर तो स्वभाव समजू नका. ते आजाराचं लक्षण असू शकतं. वाद घालू नका, देवऋषी गाठू नका, त्याला एकटं सोडू नका, जिल्हा रुग्णालयात घेऊन जा. रात्री-बेरात्री काही सुचलं नाही तर टेली-मानस ही केंद्र सरकारची मोफत सेवा आहे. तिचा क्रमांक 14416, चोवीस तास चालू असतो आणि पलीकडचं माणूस मराठीत बोलतं.